उजव्या कौलाची कवळी

"रवा हां, माका हसू येता."

थांबा, मला हसू येतंय, असं हसण्याआधी समोरच्याला बजावणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. एवढं सांगून झालं की ते खांद्यावरचा पंचा ओढायचे, दोन्ही हातांनी तोंडावर धरायचे आणि मग त्याच्या आड पोट हलेपर्यंत हसायचे. समोरच्याला दिसायचे ते फक्त बारीक झालेले डोळे. हसू ओसरलं की पंचा परत खांद्यावर, आणि बोलणं सुटलं होतं तिथून पुढे चालू.

सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, म्हणून मीही आबाच म्हणत आलो. त्यांचं खरं नाव मी इथं सांगणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि वारलेल्या माणसाशी वाद घालायची माझी ताकद नाही. जिवंतपणी घातले तेवढे पुरे झाले.

मी दातांचा डॉक्टर. मालवणच्या बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर माझा दवाखाना होता. तेव्हा आमचा रत्नागिरी जिल्हा होता, गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि मुंबईचा माल बोटीनं यायचा. शिकून आलो तेव्हा मला वाटलं होतं की लोक रांगा लावतील. कसल्या रांगा? दात दुखला की माणूस आधी लवंग धरायचा, मग गावठी पाला, मग अंगारा, मग देवाला नारळ. एवढं करून गाल नारळाएवढा सुजला की मग माझ्याकडे. माझा नंबर देवाच्या नंतरचा, आणि बिघडलं तर शिव्या मात्र पहिल्यांदा मला. या गोष्टीचा मला फार राग यायचा, अजूनही येतो.

आबा आले तेही असेच उशिरा. मिठबावच्या वाटेवरचं त्यांचं गाव. भातशेती, थोडे आंबे, माड. त्यांना घेऊन आल्या होत्या त्यांच्या बायको, आमच्या वयनी. आबा खुर्चीत बसेनात. ती न्हाव्याची खुर्ची आहे आणि आपली दाढी कालच झालीय, असं त्यांनी पंच्याआडून मला सांगितलं. वयनींनी त्यांच्या दंडाला धरून बसवलं.

पंचा बाजूला केला आणि मी तोंड पाहिलं. पुढचे चार दात गेलेले, उरलेले हिरडीत हलत होते. तंबाखूनं आणि हयगयीनं मिळून काम पुरं केलं होतं. मी नेहमीप्रमाणे आरडाओरडा सुरू केला, इतकी वर्षं काय झोपा काढल्या वगैरे. आबा शांतपणे ऐकत होते. बोलल्या त्या वयनी.

"आता घरात हसनत नाय ते," त्या म्हणाल्या. "माज्यासमोर पन तोंड झाकतत. इतकी वर्सां संवसार केलो, माज्यासमोर कित्याक?"

दात दुखतो म्हणून आलेली माणसं मी रोज पाहायचो. नवऱ्याचं हसू परत द्या म्हणून आलेली ही पहिलीच बाई होती.

पण आबांचं दुखणं निराळंच होतं, ते मला दुसऱ्या खेपेला कळलं. त्यांच्या घराकडे गावाच्या गाऱ्हाण्याचा मान होता. ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जत्रा असो, पेरणी असो, कुणाचं जनावर हरवलेलं असो, सारा गाव देवळात जमतो आणि गावाच्या वतीनं एकजण देवाशी बोलतो. तो एकेक वाक्य टाकतो आणि जमलेला गाव एका सुरात म्हणतो, 'होय म्हाराजा'. ते वाक्य टाकायचा मान पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराचा. आबांच्या वडिलांनी घातलं, आजोबांनी घातलं, आणि आबांचा आवाज तर असा होता म्हणे की खाडीपलीकडच्या माणसानं हातातलं काम ठेवून हात जोडावेत.

आता दात गेले आणि शब्द फुटेनासे झाले. मागच्या जत्रेत आबा काय बोलले ते कुणालाच कळलं नाही. पोरं हसली. देवळात मागे उभ्या असलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मग गावात बोलणं सुरू झालं की आपल्यालाच कळत नाही ते देवाला काय कळणार. येत्या जत्रेला आबांना नीट जमलं नाही तर मान त्यांच्या चुलतभावाच्या घरी जाणार, असं ठरलं. आणि गेलेला मान परत येत नाही. दुसरं गेलेलं काही असेल तर माणूस ते कोर्टात जाऊन आणील, हा मान नाही आणता येत.

"माज्या बापाशीचो आवाज माज्याकडसून जाता," एवढंच ते म्हणाले. पंच्याआडून नव्हे, तोंड उघडं ठेवून म्हणाले. तरी दातांवाचून ते मला नीट कळलं नाही, वयनींना विचारावं लागलं.

मी सगळे दात काढले. हिरड्या भरून यायला काही महिने गेले. त्या काळात आबा फक्त पेज पीत आणि जवळजवळ मौन पाळत. मग मी माप घेतलं. मेण तोंडात धरून ठेवायला सांगितलं तर हा माणूस मेणासकट उठून खिडकीशी गेला आणि खाली बाजारात कोण कोण आलंय ते पाहत उभा राहिला. मी ओरडलो. ते परत येऊन बसले. मेण घट्ट झालं, आणि माप मात्र उत्तम आलं.

मुंबईहून बोटीनं दात आले. मी मोठ्या ऐटीत डबी उघडून दाखवली. पांढरेशुभ्र, एकसारखे, सिनेमातल्या माणसाला शोभावेत असे. आबांनी ते पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. असले दात घालून मी गावात शिरलो तर कुत्री भुंकतील, असं त्यांचं म्हणणं. मग आमचं भांडण झालं, चांगलं जेवणाच्या वेळेपर्यंत. त्यांना पिवळट दात हवे होते. ठीक आहे, पिवळट मागवतो म्हटलं. पण एवढ्यावर भागेना.

"माजो सुळो वाकडो होतो," ते उजव्या बाजूला बोट लावून म्हणाले. "तसोच बसवा. देवान माका तसोच बगलेलो आसा."

आता सांगा. मी चार वर्षं वाकडे दात सरळ दिसावेत हे शिकलो, आणि हा गृहस्थ माझ्याकडे वाकडा दात मागायला आलाय. मी आधी साफ नाही म्हटलं. मग वयनींना विचारलं की तो सुळा नक्की कुठल्या अंगाला वळलेला होता. त्यांनी जरा लाजून, पण क्षणाचाही विचार न करता स्वतःच्या ओठाशी बोट नेऊन दाखवलं. मी तो दात तसा बसवला. माझ्या सगळ्या कामात मला अजून आवडतो तो हाच दात, आणि तो चुकीचा बसवलेला आहे.

कवळी तोंडात बसली. आता नव्या कवळीचं असं असतं, की पहिल्यांदा जीभ गोंधळते, थुंकी सुटते, शब्द अडखळतात. मोठ्यानं बोलून सवय करावी लागते. मी म्हटलं, आबा, गाऱ्हाणं म्हणून दाखवा. त्यांनी मान हलवली.

"खोटा गाराणा मी घालूचंय नाय. तुमका काय व्हया ता खरा सांगा."

मी वैतागलो. मला काही नको होतं. पण ते तसेच उभे, हात जोडून, वाट पाहत. आणि माझ्या तोंडून निघून गेलं की बायको शिरोड्याला माहेरी गेलीय, दिवस भरत आलेत, आणि मागच्या खेपेला मूल वाचलं नव्हतं. हे मी माझ्या आईलासुद्धा नीट बोललो नव्हतो.

आबांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिली दोन वाक्यं तोंडात घोळली. तिसऱ्याला कवळी जागेवर बसली आणि आवाज असा निघाला की खालच्या दुकानात कापड फाडत असलेला माणूस थांबला. माझ्या बायकोला त्यांनी 'गावची लेक' केलं आणि तिची राखण कर म्हणून देवाला सांगितलं. उत्तर कोण देणार? वयनी एकट्याच म्हणाल्या, 'होय म्हाराजा'. पुढच्या वाक्याला जिन्यावरून दुकानदार आणि त्याची गिऱ्हाइकं म्हणाली. शेवटच्या वाक्याला मीही म्हटलं. न म्हणून करतो काय, सगळे माझ्याकडेच बघत होते.

मुलगी झाली, सुखरूप. त्याचं श्रेय शिरोड्याच्या सुईणीचं आहे हे माझं मत आजही कायम आहे. पण आबांना निरोप मी स्वतः जाऊन दिला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण गाव म्हटलं की गोष्ट कशी संपेल? मुंबईला गिरणीत असलेला कुणी एक रजेवर आला आणि त्यानं सांगितलं की असले दात मेलेल्या माणसांच्या तोंडातले काढून बसवतात. झालं. मेलेल्याचे दात घेऊन देवासमोर कसं उभं राहायचं? ते कुणाचे, कुठल्या जातीचे, कसा मेला तो? जत्रा तोंडावर आलेली. आबांनी पुन्हा पंचा तोंडाशी धरला, आणि या वेळी बोलायलासुद्धा काढेनात. शेवटी गावानं ठरवलं की देवाला कौल लावायचा. देव म्हणेल ते खरं. आणि डॉक्टरांना बोलवा.

मी संतापूनच गेलो. बरोबर सुट्या दातांची डबी आणि कवळीची हिरडी बनवायला वापरतात ती गुलाबी भुकटी घेतली. सकाळी देवळात पोचलो तर सगळा गाव बसलेला. आबा एका खांबाशी, पंचा तोंडावर. पलीकडे बायकांत वयनी, त्यांची नजर जमिनीवर. मधोमध थोरले गांवकर, गावचे सर्वांत वडील मानकरी. त्यांच्या स्वतःच्या तोंडात औषधाला दात नव्हता.

मी भाषण केलं. दात कसे करतात ते सांगितलं. एक दात गांवकरांच्या हातात दिला. त्यांनी तो हुंगला, नखानं खरवडला, उजेडात धरला. मी निरांजनावर दुसरा दात धरून जाळून दाखवला, म्हटलं बघा, हाड जळलं तर असा वास येईल का? सगळ्यांनी पाळीपाळीनं वास घेतला. हाड नव्हे, यावर गावाचं एकमत झालं.

"आमका पटला," गांवकर म्हणाले. "पन आमका पटान काय उपेग? देवाक इचारूक व्हया."

ठीक, विचारा. गुरव पुढे झाला. देवाच्या पाषाणावर पाणी घालून त्यानं दोन पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता फक्त गाऱ्हाणं घालून देवाला प्रश्न विचारायचा. आणि इथं सगळा गाव अडकला.

कारण गाऱ्हाणं घालणार कोण? मान आबांचा. तो अजून काढलेला नाही, त्यामुळे चुलतभावाला घालता येत नाही. आणि आबांनी दात लावून घालावं की नाही, हेच तर विचारायचं होतं. दात लावून विचारलं तर परवानगीच्या आधीच घातल्यासारखं, आणि दात काढून विचारलं तर विचारलंय काय ते कुणाला कळणार? वकिलांनी वर्षभर भांडावं असा हा मुद्दा. गाव त्यावर पानं खात, तंबाखू मळत, एकमेकांवर डोळे वटारत बसला. पाकळ्या ओल्या दगडाला चिकटून होत्या. गुरव त्यांच्यावर अधूनमधून पाणी शिंपडत होता, हो, सुकल्या असत्या तर सगळंच मुसळ केरात.

शेवटी ठरलं, आधी दात काढून. आबांनी पाठ फिरवली, कवळी काढून पंच्यात धरली आणि पुढे झाले. ते बोलू लागले. मी अगदी जवळ होतो, मलाही कळेना. वाक्य संपलं की नाही हेच समजत नव्हतं, त्यामुळे 'होय म्हाराजा' कधी म्हणायचं ते कुणाला कळेना. दोघंतिघं मध्येच म्हणाले, ते एकटे पडले आणि गप्प झाले. या वेळी मात्र एकही पोर हसलं नाही. आबा बोलत राहिले, आणि उत्तर न देणारा गाव त्यांच्यासमोर बसून राहिला. ते ऐकवेना. पलीकडे वयनींनी पदराचा बोळा हातात गच्च धरला होता.

"घाल रे ते दात," गांवकर एकदम म्हणाले. "माका काय्येक समाजला नाय, देवाक काय समाजतला?"

आबांनी पुन्हा पाठ फिरवली. परत वळले तेव्हा ते ताठ उभे होते.

"बा देवा म्हाराजा," आबा म्हणाले, "हे दात मी आवशीच्या पोटातसून घेवन येवक नाय. माणसाच्या हातान केलेले आसत."

"होय म्हाराजा."

"पन शबुद तुजे आसत. ते माज्या बापाशीन माका दिल्यान."

"होय म्हाराजा."

"ह्या दातांका तुज्या दारात जागा आसात तर उजवो दी. नसात तर डावो दी. आनि डावो दिलंस तरी ह्या गावाची राखण करूक इसरू नको रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला, देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

आता मला विचाराल तर प्रश्न तिथंच सुटला होता. गावानं उत्तर देऊन टाकलं होतं. पण ते म्हणायची सोय नव्हती. सगळ्यांचे डोळे दोन पाकळ्यांवर. मी कौल मानत नाही. फूल ओलं असतं, पाणी ओघळतं, एक बाजू आधी सुटते, एवढंच त्यात आहे. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि तरीही मी पाषाणाच्या दिशेनं दोन पावलं पुढे सरकलो होतो. डाव्या पाकळीखाली पाण्याचा थेंब जमला. ती सरकली. पड की उजवीकडची, मी मनात म्हणत होतो, पड की बाई. डावी पाकळी अर्धी लोंबली आणि तिथंच अडून राहिली. आणि उजवी, काही एक हालचाल न करता बसलेली, सरळ सुटून खाली आली.

गावानं श्वास सोडला. मी खाली बसलो. एवढं हलकं मला माझ्या स्वतःच्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. पलीकडे वयनी रडत होत्या, आणि शेजारच्या बायका त्यांना रडतेस काय म्हणून रागावून स्वतःही रडत होत्या.

"रवा हां, माका हसू येता," आबा म्हणाले आणि सवयीनं पंचा तोंडाकडे गेला.

गांवकरांनी म्हाताऱ्या हातानं तो खाली ओढला. "आता कित्याक झाकतस रे? देवान बगल्यान, आता गावाक बगूक दी."

आबा हसले. उघड्या तोंडानं, वाकड्या सुळ्यासकट. मागून कुणी तरी म्हणालं की अरे, हा तर आपला आबाच.

पुढच्या बाजाराला माझ्या जिन्यावर पहिले हजर होते ते थोरले गांवकर. देवाला चालतं तर आम्हाला काय झालं, असं म्हणत ते न्हाव्याच्या खुर्चीत बसले. त्यांच्या मागोमाग त्या गावचे निम्मे म्हातारे आले. मला आयुष्यात मिळालेली जाहिरात ती एवढीच, आणि ती मी न मानणाऱ्या देवानं केली.

त्यानंतर कितीतरी जत्रा आबांनी गाजवल्या. गोवा सुटला, आमच्या रस्त्यानं एसटी धावू लागली, माझी मुलगी शाळेत गेली. वर्षाकाठी एकदा ते कवळी घासूनपुसून घ्यायला यायचे, शहाळी आणायचे, आणि तासभर गप्पागजाली करायचे. पंचा खांद्यावरच असायचा. हसताना हात अर्ध्यावर जायचा, मग त्यांच्या लक्षात यायचं आणि तो परत मांडीवर यायचा.

शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो. ते वाळून गेले होते. कवळी उशाशी वाटीत पाण्यात होती. मला पाहिल्यावर त्यांनी वयनींना खूण केली. वयनींनी वाटी पुढे केली, आबांनी दात घातले, आणि मग म्हणाले, "रवा हां." पुढचं बोलायचं त्राण नव्हतं. नुसते हसले. मी काही तरी रागावून बोललो, दात सैल झालेत, बरे झाल्यावर या, नीट करून देतो असं. ते माझं रागावणं कशासाठी होतं ते त्यांनाही कळलं असावं.

आठवडाभरात निरोप आला. मी पोचलो तेव्हा तिरडी अंगणात तयार होती. कुणी तरी जाणत्या माणसानं विचारलं की अंगावरचं सोनं काढलं, आता तोंडातली कवळीही काढायची का, बाहेरची वस्तू ती. लोक माझ्याकडे पाहू लागले. मी डॉक्टर, मी सांगावं.

"देवाक इचारून घेतलेले दात ते," वयनी उंबऱ्यातून म्हणाल्या. "त्येंचेच आसत. हात लावू नकात."

कुणी हात लावला नाही. आबांचा पंचा कुणी तरी त्यांच्या तोंडावर टाकला होता. वयनी पुढे आल्या, तो उचलला, घडी घातली आणि खांद्याशी ठेवला, त्यांच्या नेहमीच्या जागी. ओठ किंचित विलग होते आणि उजवीकडचा वाकडा सुळा दिसत होता. तिरडी उचलली गेली. मी मनातल्या मनात 'होय म्हाराजा' म्हटलं आणि गावाबरोबर चालू लागलो.